मुका मार

पडल्यावर रक्त आलं की सगळं घर धावतं. कुणी हळद आणतं, कुणी कापूस, कुणी रिक्षा थांबवतं. रक्त आलं नाही तर पडलेला माणूस स्वतःच कपडे झटकतो, "काही नाही, काही नाही" म्हणतो आणि गाडी सुरू करून निघून जातो. अशा न फुटलेल्या, वरून न दिसणाऱ्या इजेला मराठीत मुका मार म्हणतात. गुडघ्याचा किंवा बरगडीचा मुका मार दोन दिवसांत काळानिळा होऊन बोलू लागतो. डोक्यातला मुका मार कवटीच्या आड असतो, त्यामुळे त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळी. भाजीवाल्याला पैसे देताना हिशेब चुकतो. टीव्हीचा आवाज सोसवत नाही. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. कुशीवर वळलं की खोली गरगरते. डॉक्टर या इजेला कंकशन म्हणतात, आणि प्रौढ माणसाला ती झाली तर ती ओळखायची कशी नि तिच्यातून बाहेर यायचं कसं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा, मऊ, पाण्यासारख्या द्रवात जपून ठेवलेला. डोकं झटक्याने थांबलं किंवा गर्रकन वळलं की कवटी थांबते, पण मेंदूला आतल्या आत पीळ बसतो आणि पेशींचे लांब तंतू ताणले जातात. त्यानंतर काय होतं याचं चित्र कॅलिफोर्नियातल्या क्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी २००१ मध्ये मांडलं. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा नीट बसवायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणजे बहुतेक वेळा मेंदूत फुटलेलं काही नसतं, पण त्याचा जमाखर्च कोलमडलेला असतो. सीटी स्कॅनमध्ये कवटीचा तडा दिसतो, रक्तस्राव दिसतो. हा जमाखर्च दिसत नाही. "स्कॅन नॉर्मल आहे" याचा खरा अर्थ एवढाच की तातडीने ऑपरेशन करण्यासारखं काही आढळलं नाही. घरी जाताना मात्र लोक त्याचा अर्थ "काही झालेलंच नाही" असा घेतात, आणि पुढचे कित्येक आठवडे या दोन वाक्यांमधल्या फटीत काढतात.

दुसरा तेवढाच घट्ट बसलेला गैरसमज शुद्धीबद्दलचा. शुद्ध हरपली तरच मेंदूला मार लागला, असं मानलं जातं. खेळाडूंच्या पाहणीत दहातल्या एकाचीही शुद्ध हरपलेली नसते. माणूस उभा असतो, बोलत असतो, रस्ता ओलांडतो, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही.

वैद्यकाला हा फरक फार पूर्वी जाणवला होता. दहाव्या शतकाच्या सुमारास अर-राझी या पर्शियन वैद्याने कवटी न फुटता मेंदूचं काम तात्पुरतं बिघडण्याची अवस्था वेगळी नोंदवली. तरीही पुढची कित्येक शतकं लक्ष उघड्या जखमांकडेच राहिलं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि अपघातांनंतर अंगावर ओरखडाही नसलेले प्रवासी डोकेदुखी, विसराळूपणा, निद्रानाश सांगू लागले. जॉन एरिक्सन यांनी १८६६ मध्ये याचं कारण मज्जासंस्थेला बसलेल्या हादऱ्यात शोधलं. त्यांना विरोध करणारे हर्बर्ट पेज हे एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते. त्यांच्या मते यामागे मुख्यतः भीती होती. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर सैनिकांना होणाऱ्या 'शेल शॉक'वरून तोच वाद पुन्हा उभा राहिला. १९६१ मध्ये हेन्री मिलर यांनी नुकसानभरपाईच्या आशेने लांबणाऱ्या तक्रारींना 'अपघाताचा न्यूरोसिस' म्हटलं. इजा शरीराची की मनाची, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी फाळणी, आणि तिची सर्वाधिक किंमत रुग्णांनी मोजली आहे.

या शास्त्राचा आजचा पाया मात्र एका दुचाकीच्या अपघातापाशी सापडतो, आणि मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवं. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियन न्यूरोसर्जन होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा पिच्छाच पुरवला. १९४१ मध्ये त्यांचा लेख आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ऑक्सफर्डमधले त्यांचे सहकारी होलबोर्न पदार्थवैज्ञानिक होते. त्यांनी जिलेटिनचे मेंदू बनवले, ते झटक्याने फिरवले आणि आत ताण कुठे पडतो ते विशिष्ट प्रकाशात पाहिलं. १९४३ मध्ये त्यांनी सांगितलं की सरळ धक्क्यापेक्षा पीळ जास्त घातक असतो. हेल्मेटने कवटी वाचते, जीव वाचतो, पण कंकशन पूर्णपणे टळत नाही; त्याचं कारण या निष्कर्षात आहे.

पुढचा मोठा टप्पा १९७४ चा. ग्लासगोत ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धीची पातळी मोजणारी पट्टी दिली, जी आता ३ ते १५ गुणांची आहे. डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं एवढ्यावर ती बेतलेली आहे, आणि आज ती जगभरच्या अपघात विभागांत वापरली जाते. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांनी केलेलं काम कमी लोकांना ठाऊक आहे, पण या पुस्तकाच्या दृष्टीने ते जास्त मोलाचं. त्यांच्यापुढे 'किरकोळ' मार लागलेली, पण कामात पूर्वीसारखी न उरलेली माणसं होती. त्यांची चाचणी दिसायला अगदी साधी. एकेक आकडा ऐकू येतो आणि प्रत्येक नवा आकडा आधीच्या आकड्यात मिळवून उत्तर द्यायचं. तीन ऐकलं, मग सात: उत्तर दहा. मग दोन: उत्तर नऊ. मग आठ: उत्तर पुन्हा दहा. दर दोन-अडीच सेकंदांना नवा आकडा, आणि हळूहळू वेग वाढत जातो. बेरीज कुणालाही येते. पण मुका मार लागलेला माणूस चौथ्या-पाचव्या आकड्याला मागे पडतो, कारण त्याच्या मेंदूचा वेग मंदावलेला असतो. बुद्धी शाबूत आणि गती कमी, ही गोष्ट आकड्यांत पकडल्यामुळे "नाटक करतोय" या आरोपाला प्रथमच ठोस उत्तर मिळालं.

ग्लासगोच्या पट्टीवर १३ ते १५ गुण मिळाले की इजा 'सौम्य' ठरते. या शब्दाने बरंच नुकसान केलं आहे. तो जिवाच्या धोक्यापुरता खरा आहे, रुग्णाच्या पुढच्या तीन महिन्यांना तो लागू पडेलच असं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रांतल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य इजा झालेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना वर्षभरानंतरही रोजच्या व्यवहारात काही ना काही अडचण होती. डोकं सोडून इतरत्र मार लागलेल्यांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. त्यांतलं अंतर मेंदूच्या इजेकडे बोट दाखवतं. आणि ३८ हा आकडा सांगतो की वेदना, झोपमोड आणि काळजी कोणत्याही अपघाताबरोबर येतात. शरीर विरुद्ध मन हा जुना वाद इथे निरर्थक होतो.

मग खेळ आला. अमेरिकेत जेफ्री बार्थ यांनी १९८० च्या दशकात फुटबॉल खेळाडूंची हंगामापूर्वी चाचणी घेतली आणि मार लागल्यावर तीच पुन्हा घेतली, म्हणजे प्रत्येक खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्नात भरली. पुढे प्राग, झुरिक, बर्लिन अशी वाट चालत २०२२ मध्ये ती ॲमस्टरडॅमला पोहोचली. मैदानाच्या कडेला वापरायची प्रमाणित तपासणी याच परंपरेतली. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वर्षानुवर्षांच्या ठोशांनी होणारा परिणाम हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवला होता. बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टरच्या मेंदूचं परीक्षण २००५ मध्ये प्रसिद्ध केल्यावर तो प्रश्न पुन्हा चव्हाट्यावर आला. ती वारंवारच्या माराची कथा आहे. घसरून एकदा पडलेल्या माणसाने ती स्वतःला लावून घेऊन रात्रीची झोप घालवू नये, असं या पुस्तकाचं मत आहे, आणि ते योग्यच आहे.

भारतीय वाचकाला हा बदल क्रिकेटमधून सर्वांत चांगला कळेल. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, आणि फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. संकट डोळ्यांसमोर होतं, म्हणून सगळे धावले. १९८१ च्या जानेवारीत सिडनीला लेन पॅस्कोच्या चेंडूने मुंबईचा संदीप पाटील खेळपट्टीवर कोसळला आणि त्याच महिन्यात ॲडलेडला त्याने १७४ धावा काढल्या. त्या खेळीचं कौतुक व्हायलाच हवं; पण तेव्हा कोणत्या तपासण्या करून परत खेळायचं, याचा नियमच नव्हता, हेही त्या कौतुकासोबत लक्षात ठेवायला हवं. १७ ऑगस्ट २०१९ रोजी लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. त्याची तपासणी झाली, तो त्यात उत्तीर्ण झाला, परत येऊन आणखी १२ धावाही काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखू लागलं, सुस्ती आली. त्याच महिन्यात लागू झालेल्या नियमामुळे त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. कसोटी क्रिकेटमधला तो पहिला कंकशन बदली खेळाडू. जगातल्या उत्तम वैद्यकीय पथकासमोर पहिली तपासणी स्वच्छ निघाली होती. मग तालुक्याच्या रुग्णालयात रात्री अकराला केलेल्या एकाच तपासणीवर किती विसंबायचं? दुसऱ्या दिवशी, आणि आठवड्याने पुन्हा पाहायला हवं, ही शिकवण इथून घेण्यासारखी आहे.

मात्र मैदानातून आलेल्या ज्ञानाची एक मर्यादा आहे. ते बहुतांशी विशी-पंचविशीतल्या, धडधाकट, डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असलेल्या लोकांवरून आलेलं आहे. महाराष्ट्रात मुका मार लागतो तो पावसात स्कूटर घसरलेल्या शिक्षिकेला, बाथरूममध्ये पडलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांना, बांधकामावरच्या मजुराला, दहीहंडीच्या चौथ्या थरावरून खाली आलेल्या गोविंदाला, आणि घरात मारहाण सोसणाऱ्या, "दाराला डोकं आपटलं" असं सांगणाऱ्या बाईला. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. जखमींची नोंद चार लाखांवर गेली. कपडे झटकून घरी गेलेले त्यात मोजलेलेच नाहीत. पुण्यात हेल्मेटसक्तीवरून इतकी वर्षं वाद झाले, पण मोटरसायकलस्वारांवरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष स्पष्ट आहे: हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. केर्न्स यांनी हा विषय दुचाकीस्वारांपासून सुरू केला होता. तो आता पुन्हा त्यांच्याकडे आणायची वेळ आली आहे.

तपासणीचा पहिला भाग धोका ओळखण्याचा, आणि त्यात हयगय चालत नाही. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, गुंगी वाढणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची कमजोरी, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव: यांपैकी काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठायचं. मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात बर्फावर घसरून पडली, हसत उठली, मदत नको म्हणाली आणि दोन दिवसांनी कवटीतल्या रक्तस्रावाने गेली. कुणाचं स्कॅन करायचं यासाठी २००१ मध्ये कॅनडाच्या इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी साधे निकष दिले. वय ६५ किंवा अधिक, दोन वा जास्त उलट्या, पादचाऱ्याला वाहनाची धडक, तीन फुटांवरून पडणं हे त्यांतले काही. म्हाताऱ्या माणसात रक्त हळूहळू साठतं आणि तीन आठवड्यांनी चाल बदलते, हे घरच्यांनी कायम ध्यानात ठेवावं. रक्ताच्या तपासणीतून मेंदूतली प्रथिनं मोजण्याच्या चाचण्यांना अमेरिकेत २०१८ पासून परवानगी आहे. त्या मुख्यतः स्कॅन टाळता येईल का, हे सांगतात.

दुसरा भाग बोलण्याचा, आणि इथे मराठी पुस्तकाची गरज सर्वाधिक भासते. रुग्ण म्हणतो, "चक्कर येते." या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी मावतात. घर फिरतं, ती एक. चालताना तोल जातो, ती दुसरी. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती तिसरी. आणि नुसतं गळून गेल्यासारखं, 'कसंतरी' होतं, ती चौथी. प्रत्येकीचा उपाय निराळा. कुशीवर वळताना काही सेकंद घर फिरत असेल तर बहुधा कानाच्या आतल्या भागातले सूक्ष्म कण जागचे हललेले असतात. रुग्णाला पलंगावर आडवं करून, डोकं एका बाजूला वळवून कडेखाली किंचित लोंबतं ठेवायचं, थांबायचं, मग दुसरीकडे वळवायचं, कुशीवर घ्यायचं आणि उठवून बसवायचं. जाणत्या हातांनी पाच मिनिटांत केलेल्या या कृतीने महिन्यांची गरगर थांबू शकते. तरीही असे कितीतरी रुग्ण महिनोन्महिने चक्करेच्या गोळ्या घेत राहतात.

प्रमाणित तपासणीत महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगतात. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला डिसेंबर, नोव्हेंबर असं मागे येता आलं नाही, तर तो मेंदूचा दोष की शाळेचा? तीच बाई फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष असं सरसर मागे येऊ शकते. हा बदल अजून शास्त्रीय कसोटीवर घासलेला नाही, पण ज्याला रुग्ण समजून घ्यायचा आहे त्याला तो सुचायलाच हवा. मैदानात विचारतात, शेवटचा गोल कुणी केला? रस्त्यावर विचारायचं, कुठे निघाला होतात, गाडीवर मागे कोण होतं, इथवर कुणी आणलं? पडण्याआधीचं आणि नंतरचं किती आठवत नाही, हे या प्रश्नांतूनच कळतं.

बरं होण्याबाबतचा विचार तर गेल्या पंधरा वर्षांत पार उलटा झाला. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत, सगळी लक्षणं जाईपर्यंत. २०१५ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीच्या डॉक्टरांनी तरुण रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त तक्रारी नोंदवल्या. बफेलो शहरात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी रुग्णाला ट्रेडमिलवर चालवलं, चढ दर मिनिटाला थोडा वाढवला आणि कोणत्या नाडीच्या ठोक्याला डोकं दुखू लागतं ते टिपलं. त्या ठोक्याच्या थोडं खाली राहून रोज वीसेक मिनिटं चालायचं, हाच औषधोपचार. आज साधारण सल्ला असा: पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, स्क्रीन कमी, गाडी चालवायची नाही, मग हलकं चालणं, थोडं काम. त्रास दहापैकी दोन अंशांपर्यंत वाढून तासाभरात उतरला तर घाबरायचं नाही. त्याहून जास्त वाढला तर मात्रा कमी करायची. यातलं बरंच संशोधन तरुणांवरचं आहे. प्रौढांसाठी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या तज्ज्ञांनी केलेल्या मार्गदर्शिकेने ही उणीव पुष्कळ भरून काढली आहे, आणि या पुस्तकाची भिस्त तिच्यावर आहे.

पहिल्या रात्री झोपू द्यायचं नाही, ही घरोघरची समजूत पुस्तकाने आदराने पण ठामपणे बाजूला सारली आहे. तपासणी झालेली असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर झोप औषधच आहे. सोबत माणूस मात्र हवं.

हे पुस्तक तालुक्याच्या गावातला फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णाचं घर अशा तिघांना समोर ठेवून लिहिलेलं आहे. मान, कान, डोळे, झोप, मायग्रेन, मन अशा निरनिराळ्या वाटांनी रेंगाळणारा त्रास वेगवेगळा करून पाहायचा आणि ज्याचा त्याला उपचार द्यायचा, ही अलीकडची दृष्टी त्यात आहे. न्यूरोसर्जरीचं पाठ्यपुस्तक होण्याचा त्याचा दावा नाही, मुलांच्या इजांचा वेगळा विषयही त्याने घेतलेला नाही. हिशेबनिसाने कामावर अर्धा दिवस कसं जायचं, बस कंडक्टरने तोल सांभाळत ड्युटी कधी धरायची, चूल आणि लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला 'विश्रांती घ्या' म्हणजे नक्की कोणतं काम कुणाकडे सोपवायचं, अशा तपशिलांवर मात्र ते पानंच्या पानं थांबतं. परदेशी मार्गदर्शिकांत हा भाग जवळजवळ नसतो, आणि बरं होणं अनेकदा इथेच अडतं.

शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. तारीख, झोपेचे तास, चाललेली मिनिटं, डोकेदुखी दहापैकी किती, आणि त्या दिवशी जमलेलं एक काम. पहिल्या आठवड्यात तो रुग्णाने भरायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी विचारून भरायचा, अशी सूचना तक्त्याच्या वरच छापली आहे, कारण त्या दिवसांत चार ओळी लिहिणंही डोक्याला जड जातं.